प्रेमाताईंची वाचा

शहाऐंशी साली गिरगावातली चाळ सोडून प्रेमाताई बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये आल्या. वर्षभरात नवरा गेला.

एका सकाळी मीटर तपासणाऱ्याने बेल वाजवली. "आले," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवाच बाहेर आली. अर्धांगाचा झटका आला तेव्हा नवऱ्याची वाचाही अशीच गेली होती.

खालच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी हात उचलायला लावले, हसायला लावलं.

"झटका नाही, काकू. शेवटचं कुणाशी बोललात?"

प्रेमाताई आठवू लागल्या. गेल्या गुरुवारी, भाजीवाल्याशी. आज बुधवार होता. त्यांनी सहा बोटं दाखवली.

"न बोलून आवाज बसलाय. रोज इथे येऊन पेशंटची नावं पुकाराल?"

त्यांनी मान डोलावली. पहिलं नाव घोगरं निघालं. बाकावरचा माणूस उठला, आणि त्यांनी यादीतलं पुढचं नाव बघून ठेवलं.