चेहरा घरच्यांचा असतो

विद्यापीठात सगळे त्याच्या माघारी त्याला खांब म्हणत, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. कुणाकडे मयत झालं आणि घरच्यांनी परवानगी दिली की तो कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभा राही आणि सगळं आटपेपर्यंत जागचा हलत नसे. माणसं आपल्या गेलेल्यांचं काय करतात, कशी न्हाऊ घालतात, कशी गुंडाळतात, याचा अभ्यास तो असा फिल्मवर टिपून करी. इतकी मढी बघून तुम्हाला काही होत नाही का, असं वर्गात कुणी विचारलं तर तो म्हणे, होतं, पाय दुखतात. मुलं हसत. त्याचे पाय खरंच दुखत.

नव्या मुलांना तो एक गोष्ट पहिल्याच दिवशी घोटून घोटून शिकवी. शेवटचं कापड तोंडावर ओढायच्या आधी घरचे एकेक करून जवळ येतात, बघून घेतात. तेव्हा कॅमेरा वळवायचा आणि अंघोळीच्या पाण्याच्या परातीवर नेऊन ठेवायचा. आपलीही नजर तिथंच.

"चेहरा घरच्यांचा असतो," तो सांगे. "आपण तेवढा वेळ पाणी बघायचं."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्याच्याबाबतीत म्हणायची सोय नव्हती. हा जे सांगे तेच करी. म्हणून तर अनोळखी लोक त्याला घरात घेत. आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं.

त्याची आई गेली तेव्हा धाकटी बहीण परदेशात होती. वादळामुळे विमानं बंद, आणि थांबून चालणार नव्हतं. ती फोनवर रडली नाही, नुसती भराभर बोलली. "दादा, तू सगळं घे. काही गाळू नकोस. मला तिला एकदा बघायचंय." तो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने बॅटरी चार्जिंगला लावली.

त्याला रडू येत नव्हतं. येईल येईल म्हणून त्याने वाट पाहिली, मग तो नाद सोडला. आत काहीच हलत नव्हतं, आणि हातात कॅमेरा आल्यावर तर हलायची गरजही उरली नाही. आईला न्हाऊ घालायला मावशी होती, आईची पाठची बहीण. हा पलंगाच्या पायथ्याशी कॅमेरा मांडतोय हे तिने एकदा बघितलं आणि बाह्या वर सारल्या. त्याने सगळं टिपलं. ओले हात, पिळलेलं फडकं, दात पडलेला जुना कंगवा. एवढ्या वर्षांत इतकं नेटकं काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि तसं त्याच्या मनातही येऊन गेलं.

आठवड्याने बहीण आली. घरात पाहुण्यांची वर्दळ, म्हणून तो तिला विद्यापीठातल्या फिल्म-संकलनाच्या खोलीत घेऊन गेला. दाराला जाड पडदा, भिंतीला टेकवलेलं टेबल, त्यावर मॉनिटर, दोन खुर्च्या, त्यातली एक करकरणारी. करकरणारी त्याने घेतली.

ती बघत होती. मावशी पाणी ओतत होती. मावशी केस विंचरत होती, पण पहिल्यापासून मध्ये तिची पाठ येत होती, तिच्या कोपराखालून नुसते पांढरे केस दिसत होते. बहीण म्हणाली, तो कंगवा अजून होता? तो म्हणाला, होता. मग कापड आलं. पायांवरून वर, छातीपर्यंत, मावशी अजून आईच्या तोंडाच्या आड. बहीण पुढे सरकून बसली, तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

पडद्यावर चित्र सावकाश, जराही धक्का न लागता वळलं आणि परातीवर येऊन थांबलं. परातीत पाणी होतं. पाण्यात खिडकी दिसत होती.

बहीण वाट बघत राहिली. पाणी तसंच.

"आई कुठंय?" तिने विचारलं.

तो काही बोलायच्या आत टेबलावरच्या स्पीकरमधून मावशीचा आवाज आला. "बाळा, ये रे. बघून घे. झाकते आता." पाणी. मग पुन्हा, आणखी हळू, "ये ना रे."

हे तेव्हाही त्याच्या कानांवर पडलं होतं. आता त्याला आठवलं. पण आजवर किती घरांत, किती मावश्यांनी कुणाकुणाला अशीच हाक मारली होती, आणि त्यातली एकही त्याच्यासाठी नव्हती. त्याने आवाजाची पातळी तेवढी बघितली होती. ती ठीक होती.

स्पीकरमधून कापडाची सळसळ ऐकू आली. चित्र परत पलंगाकडे वळलं, तोवर सगळं झाकलेलं होतं.

बहिणीने आदळआपट केली नाही. केली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला नाही दिसली तर नाही दिसली," ती म्हणाली. "तू बघितलंस ना? कशी दिसत होती, तेवढं सांग."

शांत दिसत होती, असं म्हणता आलं असतं. त्याच्या फिल्ममध्ये सगळे तेच म्हणतात. शब्द तोंडाशी आले होते.

"मी पाण्यावर होतो," तो म्हणाला.

"तुला बोलावलं तिने. दोनदा."

"हो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "मागे घे," ती म्हणाली. "आवाज वाढव."

त्याने मागे घेतलं, आवाज वाढवला. पुन्हा परात, पाणी, खिडकी. बहिणीने डोळे मिटले. "बाळा, ये रे," मावशी म्हणाली, "बघून घे. झाकते आता."

खुर्ची करकरली. तो उठून उभा राहिला होता. एक पाऊल त्याने टाकलंही, पण पुढे टेबल होतं आणि त्याच्या पलीकडे भिंत.

"ये ना रे," मावशी म्हणाली.