पाठ कापलेली खुर्ची

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकलात तरी चालेल. टेकण्याचीच गोष्ट सांगायची आहे.

एक सुतारआबा होते. त्यांची पाच वर्षांची नात, लाडाचं नाव ठकी. डोळे तेज, जीभ तिखट. पण जन्मापासूनच्या सेरेब्रल पाल्सीमुळे तिला स्वतःचं धड सावरता येत नसे. बसवली की पिठाच्या पोत्यासारखी कलायची. तोल धरण्यातच दोन्ही हात अडकलेले, मग खेळणार कशाने? तिला आबांशेजारी बसून हातोडी मारायची होती. आबांनीही देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

म्हणून त्यांनी जीव ओतून खुर्ची केली. उंच पाठ, दोन्हीकडे गादीचे टेकू, छातीला पट्टा. ठकी तिच्यात चौकटीतल्या फोटोसारखी सरळ! आबा ती मिरवतच उपचारकेंद्रात घेऊन गेले.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी खुर्चीवरून हात फिरवला. "आबा, काम देखणं आहे हो. पण बसलीये ती खुर्ची. ठकी कुठे बसलीये?"

आबांचं तोंड एवढंसं झालं.

बाईंनी ठकीला बाकावर बसवून मागून बरगड्यांना धरलं. "माझ्या हातांच्या वरचं अंग तिचं तिने सावरायचं. ते जमलं की माझे हात खाली, कमरेकडे. आधार हवाच, पण लागेल तेवढाच."

घरी येऊन आबांनी करवत उचलली. सून दारातच थबकली. "बाबा, अहो, चांगली खुर्ची का कापताय?"

"खुर्ची शिकली सगळं. आता नातीला शिकू दे."

पट्टा, टेकू निघाले, खुर्चीची पाठ ठकीच्या काखेखाली आली. महिनोन् महिने रडारड झाल्यावर बरगड्यांखाली. "आबा, तुम्ही दुष्ट!" ठकी किंचाळायची.

"आहेच मुळी. घे, तो लाल ठोकळा घे," म्हणत आबा ठोकळा आणखी बोटभर लांब सरकवायचे. देवापुढे मात्र हात जोडायचे, "तू सगळ्यांना धरतोस, बाबा, मला तेवढं सोडायला शिकव."

पाठ कमरेशी आली, तेव्हाची गोष्ट. रंधा मारताना लाकडाची कुरळी साल उडून ठकीच्या मांडीवर पडली. तिने खुर्चीला धरलेला एक हात सोडला. मग दुसराही. धड डावीकडे कललं. आबांचे हात झेपावले, अन् अर्ध्यातच थांबले. त्यांनी ते पाठीमागे घट्ट बांधून घेतले. ठकी थरथरली, अडखळली, आणि कुणी दोरीने ओढावं तशी हळूहळू मध्यावर आली.

साल ओठांवर धरून म्हणाली, "आबा, मिशी! आता हातोडी द्या. आणि हात मागे का बांधलेत? कुणी शिक्षा केली?"

"मीच केली, बये," म्हणत आबांनी छोटी हातोडी तिच्या मोकळ्या हातात ठेवली.

तर बापहो, एखाद्या लेकराला सावरायला तुमचे हात धावतील, तेव्हा क्षणभर त्या आबांना आठवा, डोळ्यांत पाणी आणि हात पाठीमागे बांधून उभे असलेले.