थांबलेले मासे

गेमच्या इंजिनात काळाचा एक आकडा असतो. एक ठेवला की सगळं नेहमीच्या चालीने चालतं, अर्धा केला की संथ होतं, शून्य केला की जागच्या जागी थिजतं. हा आकडा सांभाळणं सूनबाईचं काम. घरात तिचं फारसं चालायचं नाही. मोबाइलवर मासे पाळायच्या या गेममध्ये मात्र माशाने शेपटी हलवायची तीही तिला विचारून.

कंपनीच्या मालकांना ते शून्य खुपत होतं.

"लोक गेम थांबवतात आणि निवांत होतात. मासे थांबू देत, त्यांची भूक थांबवू नका. ती खऱ्या घड्याळावर चालू दे."

"मग थांबवण्याला अर्थ काय राहिला, सर?"

"खेळणाऱ्याला नसेल, आपल्याला आहे. मासे मेले की नवे विकत घ्यावे लागतात, मॅडम."

माणूस गोड बोलायचा. गळाला लावलेलं आमिषही गोडच असतं. सूनबाईच्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडून होता. तिने भूक घड्याळाला बांधली. काम कोडच्या चार ओळींचं.

सासूबाई हा गेम खेळायच्या, सुनेने केलाय या कौतुकाने. सासरे अंथरुणाला खिळलेले. त्यांची हाक आली की गेम थांबवायचा, त्यांना कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं आणि परत माशांकडे यायचं, असा सासूबाईंचा शिरस्ता. आता परत आल्या तर मासे उताणे.

"थांबवलं होतं गं मी. माझाच हात चुकला असणार. म्हातारीला मेलं काही जमत नाही."

सांगायची वेळ हीच होती. सूनबाई म्हणाली, "बघते हं, आई," आणि भाजी निवडायला बसली.

सासूबाईंनी आणखी दोनदा मासे मारले आणि शहाण्या झाल्या. तिकडे मालकांनी भिंतीवर आलेख दाखवला: गेम थांबवणारे निम्म्यावर आले होते. टाळ्या झाल्या, सहीही झाली.

बढतीचं ते पत्र घेऊन सूनबाई घरी आली तेव्हा आतून सासऱ्यांची हाक येत होती. सासूबाईंनी फोनवरून मान वर केली नाही.

"अहो, थांबा जरा. मासे मरतील."

सूनबाई आत धावली. चादर ओली झाली होती. सासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सवड नसेल तर राहू दे."

ती बाहेर आली. "आई, थांबवा तो गेम."

"थांबवून उपयोग नसतो गं," सासूबाईंनी मायेने समजावलं. "तू नुसती बनवतेस, खेळत नाहीस ना. तुला नाही कळायचं."