दान्सोनमधला विसावा

शनिवारी दुपारी चार वाजता पालिकेच्या माणसांनी बागेतल्या तळ्याकाठच्या नाचाच्या चौथऱ्याभोवती लोखंडी कठडे आणून टाकले. तिथे उपाहारगृह होणार होतं. नाच आजपासून बंद.

ओब्दुलिया बाकीच्या जोडप्यांबरोबर चौथऱ्यावरच होती. इस्पितळाच्या धोबीखान्यात तिचा जन्म चादरींना इस्त्री करण्यात गेला. शनिवार मात्र हिरव्या झग्याचा, घडीच्या पंख्याचा आणि या फरशीचा. नवरा गेला त्या आठवड्यातही तिनं तो चुकवला नव्हता.

"आजी, उतरा आता," नवा पहारेकरी म्हणाला.

"आजी असेल तुझ्या घरी. मी ओब्दुलिया."

तिचा जोडीदार, म्हातारा फिदेन्सिओ हसला. "पोरा, पाऊल चुकलं तर ती मलाही सोडत नाही. तू कोण?"

पहारेकरी ओशाळला. "बरं, एक नाच करा. संपला की मुकाट्यानं खाली."

"संपला की," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोललायस हं."

दान्सोन, त्यांचा जोडीनं करायचा संथ नाच, सुरू झाला. ताठ पाठी, आखूड पावलं. मग सुरुवातीची धून परतली आणि रिवाजाप्रमाणे सगळी जोडपी जागच्या जागी थांबली. बायकांनी पंखे उघडले. या नाचात असा विसावा येतो, मग पाय पुन्हा चालू लागतात. पहारेकरी उत्तरेच्या वाळवंटाकडचा, तिकडच्या नाचात मध्येच कुणी थांबत नाही. झालं समजून त्यानं स्पीकरची वायर उपटली.

"चला, संपला."

कुणी हललं नाही.

"कुठं संपला?" पंखा हलवत ओब्दुलिया म्हणाली. "विसावा चाललाय. अर्ध्या नाचातून उतरायची रीत नाही आमच्यात."

"अहो, गाणं बंद झालंय!"

"तू केलंस. लाव परत, मग संपवू."

त्याचा हात वायरकडे गेला. "खबरदार लावलीस तर!" कठड्यापलीकडून पालिकेचा साहेब ओरडला.

"मग आम्हालाही घाई नाही," ती म्हणाली.

शेजारच्या प्राणिसंग्रहालयातून परतणारी कुटुंबं कठड्याशी थबकली. तिखट-लिंबू लावलेल्या काकड्या खात लोक बघत राहिले. फिदेन्सिओचा पाय थरथरू लागला तसा ओब्दुलियानं, समोरची नजर न हलवता, त्याचा हात घट्ट धरला.

"गुडघे काय म्हणतात?"

"शिव्या घालतायत."

"घालू देत."

साडेसहाला बाग बंद होण्याची घंटा झाली. चौथऱ्यावरचे दिवे लागले नाहीत. साहेब फोनवर होता. जोडपी उभीच होती आणि पंखे हलत होते.