पेन आडवं झालं की

मी माईक बोलतोय. सध्या बंद आहे. पण बंद माईकला काही ऐकू येत नाही, हा तुमचा गैरसमज.

वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत मला पाहुण्यांच्या कॉलरला चिमट्याने लावत. कुणाची छाती किती धडधडतेय, ते सगळ्यांत आधी मला कळे. काचेपलीकडे सरकत्या बटणांपाशी एकजण बसायचा. त्याला सगळे 'आवाजवाला' म्हणत. निवेदकाने टेबलावर पेन आडवं ठेवलं, की त्याने पाहुण्याचा आवाज उतरवून बंद करायचा. कोणाचा, ते चर्चेआधीच ठरलेलं असे. हे दाबलेले शब्द माझ्यात साठत. दिवे मालवले की आतल्या आत कुजबुजत.

एके दिवशी एक बाई आली. तिचा नवरा गोदामाच्या आगीत गेला होता. गोदामाच्या मालकाच्या जाहिराती आमच्याच वाहिनीवर झळकायच्या. निवेदक अगदी मायेने म्हणाला, "ताई, कामगारच आत सिगारेट ओढत होते ना?"

"सिगारेट कसली? दाराला बाहेरून कुलूप..."

पेन आडवं झालं. बाई जीव तोडून बोलत राहिली. निवेदकाने कॅमेऱ्याकडे बघत सुस्कारा सोडला, "दुःखाने ताईंना बोलवत नाहीये."

नेमकी तेव्हाच आवाजवाल्याची आई लेकाचं काम बघायला आलेली. म्हातारपणी तिचे कान पार गेले होते. ती ओठ वाचायची. तिच्यापुढे निवेदकाचा गोड गळा काय कामाचा? ती तडक आत शिरली आणि बाईच्या पदराला लावलेल्या माझ्यावर वाकून थेट माझ्यात ओरडली, "अहो, बोलतायत की त्या! बाहेरून कुलूप होतं म्हणतायत!"

काचेपलीकडे लेकाचा हात बटणावर होता. वर सरकवायचं, एवढंच बाकी होतं. मला वाटलं, आता तरी! त्याने निवेदकासकट सगळ्यांचेच आवाज उतरवले. पडद्यावर जाहिरात लागली. त्याच मालकाची.

म्हातारीला यातलं काय कळणार? ती खुशीत, काचेचं दार उघडंच टाकून लेकाजवळ गेली. "सगळ्यांनी ऐकलं ना रे?"

"हो, आई."

ओठ 'हो'च म्हणाले होते. पण आईने ओठांवरून नजर काढली आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग ती निघून गेली.

आता मी खणात पडून असतो. म्हातारी माझ्या आत अजून विचारते, "ऐकलं ना रे?" उत्तर द्यायला मला तोंड नाही.

आज बातम्या लावाल, तेव्हा घटकाभर आवाज बंद करा. ओठ बघा. आणि टेबलावरचं पेन कसं ठेवलंय, तेही बघा.