काट्याची साक्ष

"काल संध्याकाळी टाकी गच्च भरली. मी समोर उभा होतो. आज काटा तळाला. मग पेट्रोल गेलं कुठे?" ढुंढिराज वकिलांनी मोटारीच्या दारावर हात ठेवून विचारलं.

"टाकीतच असेल, साहेब," बद्रुद्दीन म्हणाला.

"काटा खोटं बोलत नाही."

"त्यानं कुठं शपथ घेतलीय?"

रविवार होता, कोर्टाला सुट्टी होती, म्हणून वकिलांकडे रागवायला भरपूर वेळ होता. बद्रुद्दीन आधी त्यांचा टांगा हाकायचा, आता अकरा वर्षं त्यांची मोटार चालवत होता. जुन्या मोटारीच्या टाकीत तो खुणा केलेली बांबूची पट्टी बुडवायचा, 'सहा गॅलन' म्हणायचा, आणि तेवढ्या शब्दावर वकील निफाडच्या कोर्टाला निघायचे. नव्या मोटारीच्या टाकीचं तोंड वाकडं. पट्टी आत जाईना. तिच्याऐवजी समोर एक तबकडी आली, आणि वकील मागे बसण्याआधी पुढे वाकून तबकडी बघू लागले. माणसाच्या शब्दापेक्षा यंत्रावर भरवसा ठेवायची शिकलेल्यांना भारी हौस.

"हे दुसऱ्यांदा झालं," वकील म्हणाले. "मी तुला चोर म्हणत नाही. पण उद्यापासून येऊ नकोस."

चोर म्हणत नाही म्हणजे काय म्हणतात, ते बद्रुद्दीनला कळत होतं. नाशकात मोटारी मोजक्या, त्यांचे मालक एकमेकांच्या ओळखीचे. पेट्रोल चोरणारा म्हणून एकदा नाव झालं की कुणी त्याला मोटारीला हात लावू दिला नसता. त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

"साहेब, अकरा वर्षं तुमच्या कोर्टाच्या दाराशी बसलोय," तो म्हणाला. "समोरच्याच्या साक्षीदाराला उलटे सवाल केल्याशिवाय तुम्ही सोडत नाही. या काट्याला एकसुद्धा विचारला नाहीत. मला तपासू द्या. तुम्ही इथंच थांबा. टाकीत पेट्रोल नसलं तर चावी ठेवून जातो."

वकिलांना हे लागलं. त्यांनी खुर्ची अंगणात आणवली.

"आधी चिरूट विझवा, साहेब."

चिरूट विझला. बद्रुद्दीनने तबकडीमागची तार ओढून पाहिली. घट्ट होती. मग मागची फळी उचलली. खाली टाकीच्या माथ्यावर वाटीएवढी झाकणी होती. तिचे पाच स्क्रू काढून त्याने ती सावकाश वर घेतली.

"आता बघा."

वकिलांनी नाकाला उपरणं लावून वाकून पाहिलं. पेट्रोल काठोकाठ होतं.

झाकणीखाली लोंबणाऱ्या लोखंडी दांडीच्या टोकाला बुचाचा तुकडा होता. हे बूच पेट्रोलवर तरंगतं आणि त्याच्याबरोबर काटा वर-खाली होतो. बद्रुद्दीनने टाकीचं तोंड ओल्या गोणपाटाने झाकलं, वकिलांना पुढे बसवून चावी फिरवायला लावली आणि दांडी हाताने उचलली.

"काटा?"

"चढला."

"आता?"

"उतरला."

"म्हणजे तार चांगली, तबकडी चांगली." मग त्याने परातीत पेट्रोल घेतलं आणि बूच दांडीवरून काढून त्यात सोडलं. ते सरळ तळाशी जाऊन बसलं. "हा बघा तुमचा चोर. वरचं रोगण तडकलंय. टाकी रिकामी असली की हे सुकतं, भरली की थोडा वेळ तरंगतं. मग रात्रभर पेट्रोल पितं आणि सकाळी बुडतं."

वकील खुर्चीत परत जाऊन बसले. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो मी," ते हळूच म्हणाले. "चुकलं माझं."

बद्रुद्दीन बूच रुमालात बांधून घरी गेला.

त्याची बायको ताहेरा माहेरची लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांची. तिने बूच दाबून पाहिलं.

"चपडा लाख स्पिरिटात विरघळवते. पेट्रोलनं ती सुटत नाही. पण आधी हे दिवसभर उन्हात सुकू दे. मग पातळ हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा."

"बुधवारी निफाडला तारीख आहे. एकच जाड हात दे ना."

"जाड हात तडकतो. अन् या खेपेला बूच बुडालं तर तुम्हीपण बुडाल, अजी."

घरातल्या वकिलासमोर बद्रुद्दीनचं कधी चाललं नव्हतं. सोमवारपासून बूच अंगणातल्या दोरीवर लटकलं. मंगळवारी दुपारपर्यंत त्यावर तीन हात बसले आणि ते तपकिरी चकाकू लागलं. संध्याकाळी त्याने ते टाकीत बसवलं. काटा थेट वर गेला.

बुधवारी सकाळी तो उजाडताच वकिलांकडे पोचला आणि चावी फिरवली. काटा वरच होता.

वकील कागदांचं बाड घेऊन बाहेर आले. पुढे न वाकता मागचं दार उघडून आत बसले.

"साहेब, काटा बघता ना?"

"कशाला?" वकिलांनी कागद मांडीवर पसरले. "तू सांग. किती आहे?"

बद्रुद्दीनने गळ्याशी सुटलेलं कोटाचं बटण लावलं.

"आठ गॅलन, साहेब."

"मग निघ."