कोणती ती?

जालन्याच्या मस्तगडातल्या राधेश्यामची जिरवायची, हे मी त्याचं तोंडसुद्धा बघायच्या आधी ठरवलं होतं. तुम्ही म्हणाल, एका कम्प्युटरच्या दुकानदारामागं ही पोरगी एवढी हात धुऊन का लागली? तर आधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागंल, न्हाईतर मला आगाऊ म्हणून मोकळे व्हाल.

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. पप्पांनी जन्मात कधी तिचं नाव घेतलं न्हाई. त्यांच्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव घेतच न्हाईत. आमच्या घरात ‘ती’ म्हणलं की आई, बस. ‘ती कुठं गेली?’, ‘तिला विचार’, ‘ती आली की जेवू’. ती गेल्यावरही हे थांबलं न्हाई. भाजीत मीठ जास्त झालं की पप्पा म्हणायचे, ‘ती असती तर आज माझी खैर नव्हती.’ बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात ते बाबू होते, सगळी नोकरी रेल्वेनं येणंजाणं करत काढली, आता रिटायर होऊन घरी. दिवसातून किती वेळा ‘ती’ म्हणायचे त्याला मोजमाप न्हाई. मला बरं वाटायचं. घरात आपण दोघंच न्हाईत असं वाटायचं.

मी दिवसा एका सीएच्या ऑफिसात काम करते आणि संध्याकाळी गेम खेळते. बंदुका, धावपळ, मारामारी, सगळं. हसायचं असलं तर हसून घ्या. आमचा कम्प्युटर म्हातारा झाल्ता. गेममध्ये मी दार उघडून खोलीत पाय टाकीपर्यंत चित्र अडकायचं, आणि सुटायचं तेव्हा मी मरून पडलेली असायचे. पप्पा मागं खुर्ची टाकून बघत बसायचे. एकदा म्हणले, ‘सुरुची, तू दर वेळी मरूनच का राह्यलीस? ह्याला काही इलाज?’

इलाज ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर चित्र काढायचं सगळं काम ते कार्ड करतं. मी एवढं सांगितलं आणि चूक केली, कारण पप्पा मंग पेटलेच. सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर कार्डांचे व्हिडिओ. मेमरी किती, पंखे किती, आपल्या डब्यात मावतं का, वीज किती पितं. बियाण्याच्या पुड्या पारखाव्या तशी त्यांनी कार्डं पारखली. शेवटी दोनवर गाडी आली. एक साधं ५०६० आणि दुसरं ५०६० Ti. आकडा तोच, पण Ti तगडं, मेमरी डबल, आणि भावही तसाच चढा.

‘साध्यानं भागतं, पप्पा,’ मी म्हणलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाईल नाकाजवळ नेला आणि वाचलं, ‘पाच हजार साठ... ती.’

‘टी-आय आहे ते.’

‘ती लिवलंय,’ ते म्हणले आणि किती तरी दिवसांनी खळखळून हसले. ‘ती असती तर म्हणली असती, पोरीला घ्यायचं तर चांगलं घ्या. ठरलं मंग. तीच घेऊ.’

तेव्हापासून आमच्या घरात त्या कार्डाचं नाव ‘ती’ पडलं.

मी ऑफिसात असताना पप्पा एकटेच मस्तगडात राधेश्यामच्या दुकानी गेले. त्यानं दोन्ही कार्डांचा भाव सांगितला, आणि म्हणला, घरी विचार करा, व्हॉट्सॲपवर कळवा, पोचतं करतो. पप्पांनी घरी येऊन मेसेज टाकला. इंग्रजी अक्षरात मराठी, आपण सगळे लिहितो तसं: 5060 ti dya. आणि Ti चा जो भाव सांगितला होता तेवढे सगळे पैसे पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी खोकं आलं. मला सरप्राइज द्यायचं म्हणून पप्पांनी स्वतः सील फोडलं आणि शेजारच्या पोराकडून कार्ड बसवूनही घेतलं. मी घरी आले, खोकं हातात घेतलं. त्यावर ५०६० लिहिलं होतं. पुढं काहीच न्हाई. भाव Ti चा घेऊन मेल्यानं साधं कार्ड तोंडावर मारलं होतं.

पप्पा म्हणले, ‘चुकून झालं असंल, मी बदलून आणतो.’ कार्ड काढून खोक्यात घातलं आणि गेले. परत आले तेव्हा खोकं हातात तसंच होतं. काय झालं विचारलं तर म्हणले, ‘सील फोडलेलं चालत न्हाई.’ आणि देवघराच्या खोलीत जाऊन बसले.

खरं काय झालं ते मला द्वारकाबाईंच्या जावयानं सांगितलं. द्वारकाबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचा जावई त्या वेळी तिथंच प्रिंटरची शाई घ्यायला उभा होता. राधेश्यामनं म्हणे मोबाईल काढला आणि भरल्या दुकानात पप्पांचा मेसेज मोठ्यानं वाचला. ‘पाच हजार साठ, ती द्या! काका, मी फळीवरची ती दिली. बराबर दिली.’ पप्पा म्हणले, मला टी-आय पाहिजे होतं, पैसे बी त्याचेच दिले. तर हा म्हणतो कसा, ‘मंग तसं लिवायचं ना. ह्या वयात ती मागून राह्यले काका! कोणती ती? सांगा तरी, आम्ही बी बघतो!’ आणि सगळं दुकान दात काढायला लागलं. द्वारकाबाईंचा जावई पण हसला असणार, सांगताना त्याची मान खाली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पायात चप्पल सरकवली, तर पप्पा दारात आडवे. ‘माझी शपथ आहे तुला. त्या दुकानात जायचं न्हाई.’

पैसे गेले, कार्ड साधं आलं, ते मी गिळलं असतं. पण त्या दिवसापासून पप्पांनी ‘ती’ म्हणणं सोडलं. जीभ त्या शब्दाशी आली की अडायची. भाजीत मीठ जास्त पडायचं, ते गप जेवायचे. एकदा म्हणायला गेले, ‘ती असती...’, थांबले, आणि ‘पाणी दे’ म्हणले. आई एकदा दवाखान्यात गेली, आणि दुसऱ्यांदा त्या राधेश्यामच्या दुकानात. त्याचा मुडदा बसवला त्याचा! मी रोज गेम खेळताना समोरच्या दुश्मनाला मनातल्या मनात राधेश्याम म्हणायचे आणि गोळ्या घालायचे. तेवढ्यानं काही थंड होत नव्हतं. मला त्याला त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर, त्याच शब्दानं मारायचं होतं.

चार महिन्यांनी संधी आपल्या पायानं चालत आली. माझा आतेभाऊ अंगद आष्टीचा. घरचा बियाण्या-खतांचा धंदा, आणि ह्याला जालन्यात अंबड रोडला गेमिंग झोन काढायचं खूळ. मला फोन केला, ‘ताई, बारा कम्प्युटरला कार्डं कोणती घेऊ? तूच निवड. मला त्यातलं शाट कळत न्हाई.’

मी म्हणलं, साधं ५०६० घे, तुझ्या पोरांना तेवढं रग्गड. आणि घे राधेश्यामकडूनच. मंग त्याला सगळं सांगितलं. अंगद म्हणला, ‘माझ्या मामाला असं बोलला? सांग ताई, काय करायचं.’

त्यानं दुकानात जाऊन नुसते दोन्ही भाव विचारले आणि सांगितलं, मेसेज टाकतो. शपथ दुकानात न जायची होती, मेसेज न करायची नव्हती. अंगदच्या मोबाईलवर मी माझ्या बोटांनी लिहिलं: 5060 ti dya, 12 nag. पप्पांनी लिहिलं होतं त्यात फक्त नग वाढवले. राधेश्यामला ज्यात फायदा तेच अक्षर दिसतं, ह्याची मला खात्री होती. पप्पांच्या मेसेजात त्याला ‘ती’ दिसली. आष्टीच्या बड्या पार्टीच्या मेसेजात त्याला Ti दिसणार. तसंच झालं. पठ्ठ्यानं एक फोन करून विचारलं न्हाई, आगाऊ पैसे बी मागितले न्हाईत. मुंबईहून बारा Ti मागवले. तिथला व्यापारी एकदा माल सुटला की परत घेत न्हाई, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

माल आल्याचा निरोप आला तशी मी शपथ मोडायची ठरवली. आणि पप्पांना सोबत न्यायचं. त्यांना बघायचा हक्क होता. अंगद म्हणला, ‘मामा, कार्डं घ्यायला चला, तुमच्यासारखी पारख कोणाला हाय?’ बिचारे इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मस्तगडाच्या चढाला गाडी वळली तसा त्यांचा चेहरा उतरला. दुकानासमोर म्हणले, ‘तुम्ही जा. मी गाडीतच बसतो.’

दुकान भरलेलं होतं. काउंटरवर बारा खोकी रचून ठेवलेली. राधेश्याम म्हणजे गोरागोमटा, गळ्यात चेन, तोंडावर हसू. त्यानं आमच्यासाठी चहा सांगितला.

अंगदनं एक खोकं उचलून फिरवलं. ‘हे कोणतं आणलं?’

‘Ti, शेठ! तुम्ही लिवलं तेच.’

‘आम्ही Ti कुठं लिवलं?’ मी पुढं झाले. ‘आम्ही लिहिलं, ती द्या. ती म्हणजे ती, फळीवरची साधी. भाव विचारला ना ह्यांनी? त्यातली ती. मराठी येत न्हाई का तुम्हाला?’

त्याचं हसू जाग्यावर अडकलं, आमच्या जुन्या कम्प्युटरचं चित्र अडकायचं तसं. ‘मॅडम, असं कसं? ही तर चीटिंग झाली.’

‘मेसेज काढा. मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या.’

त्यानं वाचला. ‘पाच हजार साठ... ती द्या.’ मागं कोणी तरी फिसकन हसलं. मंग दुसरं. मंग सगळेच. राधेश्यामचे कान लाल झाले. अंगद म्हणला, ‘आम्हाला साधीच पाहिजेत, ही बारा तुमची तुम्हाला ठेवा.’ राधेश्याम घाम पुसत म्हणला, ‘शेठ, माल परत जात न्हाई हो. मी कुठं घालू एवढी?’ काय सांगू, माझं काळीज इतकं थंड झालं की बास.

मी काउंटरवर हात टेकले. ‘चार महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांनी तुम्हाला हाच मेसेज पाठवला होता. आता कळलं, हे कशापायी केलं ते?’

तो माझ्याकडं बघत राह्यला. ‘कोण वडील, मॅडम?’

‘केशवराव. साधं कार्ड दिलंत त्यांना, Ti चा भाव घेऊन.’

‘कोण केशवराव?’ तो नाटक करत नव्हता. नाटक असतं तर मी त्याचा गळाच धरला असता. ‘दिवसभर गिऱ्हाइकं येतात, मॅडम. मी तर सगळ्यांशीच गंमत करतो. मला खरंच याद न्हाई.’

चार महिने मी ज्याला रोज गोळ्या घातल्या त्याच्या डोक्यात माझा बाप नव्हताच. त्याला याद करून द्यायची तर ते सगळं मला बोलावं लागणार होतं, ह्या वयात ती, कोणती ती, आम्ही बी बघतो, माझ्या तोंडानं, एवढ्या लोकांसमोर. माझं तोंड उघडंना. लोक बघून राह्यले.

‘मी सांगतो,’ मागून आवाज आला.

पप्पा पायरीवर उभे होते. गाडीतून कधी उतरले कोण जाणे. लोकांनी वाट दिली. ते काउंटरपाशी आले, सदऱ्याची बाही नीट केली.

‘चार महिन्यांपूर्वी मी इथंच उभा होतो,’ ते म्हणले. ‘तुम्ही माझा मेसेज वाचला आणि विचारलं, काका, कोणती ती? लोक हसले. मला त्या दिवशी जवाब देता आला न्हाई. आज देतो. ती म्हणजे माझी बायको. रजनी.’

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पप्पांच्या तोंडून आईचं नाव ऐकलं.

‘रजनी नाव तिचं. ती वारली. पोरीला काही घ्यायचं तर चांगलं घ्या, असं ती म्हणायची, म्हणून मी महागाचं कार्ड मागितलं होतं. आता कळलं कोणती ती?’

राधेश्यामनं झटकन हात जोडले. ‘आठवलं, काका! बिलकुल आठवलं. चुकलं माझं. हे घ्या, तुमचं कार्ड बदलून देतो, एक रुपया नको.’ आणि त्यानं एक Ti पप्पांच्या पुढं सरकवलं.

पप्पांनी खोक्याकडं बघितलं न्हाई. त्याच्या तोंडाकडं बघत राह्यले, अर्जातली खाडाखोड बघावी तसं.

‘न्हाई आठवलं तुम्हाला,’ ते म्हणले. ‘घाबरून बोलून राह्यले.’

त्यांनी कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं, बराबर काउंटरच्या समोर ठेवलं आणि बसले.

‘याद करा. मी बसतो.’

‘काका, दुकानाचा टाइम आहे...’

‘माझा न्हाई. मी रिटायर आहे.’

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ‘पप्पा, झालं आता. चला घरी.’

‘तू अंगदसोबत जा. तिनं मला कधी अर्ध्यावर उठू दिलं न्हाई.’

मी कुठली जाते! मी त्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी राह्यले. राधेश्याम एकदा आमच्याकडं, एकदा खोक्यांकडं, एकदा दाराकडं बघत होता. तेवढ्यात एक माणूस आत आला, म्हणला माउस दाखवा, आणि सगळे गप बघून बावचळला.

पप्पांनी वळून शांतपणे त्याला सांगितलं, ‘जरा थांबा, भाऊ. शेठ याद करून राह्यलेत.’